रात्रपाळीच्या डेस्कवरच्या काकांना

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. आभार मात्र चारचौघांतच मानणार. अमेरिकेत वृत्तसंस्थेसाठी बेसबॉलच्या बातम्या लिहून मी आज पोट भरते, ते तुम्ही हात धरून शिकवलंत म्हणून.

पुण्यात क्रिकेटची बातमी लिहिताना वाचक कोणाच्या बाजूचा हे ठरलेलं असायचं. इथे वृत्तसंस्थेची एकच बातमी जिंकलेल्या शहरात जाते आणि हरलेल्या शहरातही. तुम्ही सुरुवातीलाच म्हणालात, "रणजीचा मुंबई-महाराष्ट्र सामना लिहायचाय आणि तोच मजकूर दादरला नि डेक्कनला छापायचाय, असं समज." मला तेवढ्यात सगळं कळलं.

शेवटचा बॅटर आउट झाला की काही मिनिटांत कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, गेलीच पाहिजे. म्हणून सामना चालू असतानाच खालून वर लिहीत जायचं: आधी इनिंगचा तपशील, इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, सगळ्यात शेवटी. आणि नऊपैकी आठव्या इनिंगपासून दोन इंट्रो तयार ठेवायचे, दोन्ही निकालांचे. हे इथले सगळेच करतात. पण दुसरा इंट्रोही पहिल्याइतकाच मनापासून लिहायचा, हे सांगणारे तुम्हीच.

ते तुम्ही २०१६च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या आणि निर्णायक सामन्यावरून समजावलंत, तो फोन मी विसरणार नाही. क्लीव्हलँडचं मैदान, शिकागो कब्ज ६-३ पुढे, विजेतेपदाला फक्त चार आउट हवेत. कब्ज १९०८नंतर जिंकलेच नव्हते, त्यामुळे प्रेस बॉक्समध्ये इंट्रो कोणता तयार असेल ते सांगायला नको. मग क्लीव्हलँडच्या गायरचा डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका), आणि त्यांच्याच राजाय डेव्हिसनं कब्जचा पिचर (चेंडू टाकणारा) अरोल्डिस चॅपमनला होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा) मारून ६-६ केलं. नऊ इनिंग संपल्या, पाऊस आला, सतरा मिनिटं खेळ थांबला. दहाव्या, जादा इनिंगमध्ये झोब्रिस्टच्या डबलनं कब्ज पुढे गेले आणि अखेर ८-७ने जिंकले. तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

"आता सांग, डेव्हिसला कुठे घेशील?" तुम्ही विचारलंत. उत्तरही तुम्हीच दिलंत: त्याचा संघ हरला, पण क्लीव्हलँडमधल्या कोणत्याही माणसाला ती रात्र त्याच्याच नावानं आठवणार. क्लीव्हलँडची शेवटची धावही त्यानंच आणलेली. तो वरच्या परिच्छेदांतच हवा. आणि १९०८ लिहिलंस तर १९४८ही लिही, कारण क्लीव्हलँडही तेव्हापासून विजेतेपदाची वाट पाहतंय. मारणारा एका गावाचा, टाकणारा दुसऱ्या गावाचा. दोघांचीही नावं द्यायची, चेंडू कसा होता तेही द्यायचं, आणि 'दुर्दैवी', 'थरारक' असले शब्द काढून टाकायचे. एका घरात थरार असतो तेव्हा दुसऱ्या घरात टीव्ही बंद झालेला असतो.

दुसऱ्या आवृत्तीसाठी खेळाडूंशी बोलायचं तर आधी हरलेल्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये जा, हेही तुमचंच. हरलेला पिचर तोच चेंडू पुन्हा टाकीन म्हणतो की नाही, हे त्याच्या शहराला सकाळी वाचायचं असतं. जिंकलेले तासभर तिथेच असतात.

२०२३पासून पिच क्लॉक, म्हणजे पिचरनं ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायचा हा नियम, आलं, सामने सरासरी वीसेक मिनिटांनी लवकर संपायला लागले. सगळे खूश झाले, पण दोन पिचमध्ये वाक्य सुधारायला मिळायचा तो वेळ गेला. तरी तुमची सवय टिकवली आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा रात्रीचा सामना संपतो तेव्हा तुमच्याकडे पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र उलटून गेलेली असते, आणि तरीही तुम्ही फोन उचलत आलात. त्यासाठी काकूंचेही आभार, त्यांची झोप माझ्यामुळे किती मोडली असेल!

नवा हंगाम सुरू होतोय. पहिल्या सामन्याची कॉपी पाठवीन. हरलेल्या संघाच्या शहरात बसून वाचताय असं समजून वाचा, आणि खटकेल ते नेहमीसारखं स्पष्ट सांगा.

तुमची,
प्रेस बॉक्समधली पुतणी