फोटोतली गाडी अँबेसिडर नाही, लँडमास्टर आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या जुन्या शूटिंगवर अख्खं पान आलंय, लेख झकास आहे, दोनदा वाचला. पण त्यातल्या मोठ्या फोटोखाली जी ओळ छापलीय तिच्यासाठी हे पत्र. किनाऱ्यावर माडांच्या सावलीत कॅमेरा लावलाय, एक माणूस कॅमेऱ्यावर छत्री धरून उभा, मागे पाठमोरी गाडी, आणि खाली लिहिलंय '१९५५ सालच्या शूटिंगचं दृश्य, मागे अँबेसिडर'. आता १९५५ ला अँबेसिडर नव्हतीच हो, ती आली १९५७-५८ ला. म्हणजे एक तर साल चुकलं नाहीतर गाडी चुकली, आणि मी भिंग घेऊन बसलो तर दोन्ही चुकलंय असं दिसलं.

गाडी लँडमास्टर आहे. हिंदुस्थान मोटर्सचीच, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बनायची, १९५४ ला निघाली आणि तिच्याच जागी पुढे अँबेसिडर आली. दोघींचा सांगाडा जवळजवळ एकच, त्यामुळे लांबून भल्याभल्यांची फसगत होते. पण मागून बघा, पहिल्या अँबेसिडरच्या मडगार्डला मागे छोटे पंख काढलेत, लँडमास्टरला ते नाहीत, तिचं मागचं अंग गोल आणि तसंच खाली उतरत जाणारं. तुमच्या फोटोत पंख नाहीत. गाडी पुढून दिसली असती तर बॉनेटवरूनही कळलं असतं, पहिल्या अँबेसिडरच्या बॉनेटला पन्हळी दाबलेल्या होत्या.

आता साल. उजव्या कडेला माडाच्या बुंध्याआडून अर्धी फियाट डोकावतेय, ती कुणाच्या लक्षातच आलेली नाही. आमच्याकडे डुक्कर फियाट म्हणायचे ती ही नाही. डुक्कर म्हणजे फियाट ११०० मधली आपल्याकडची सुरुवातीची, गुबगुबीत, पाठ गोल, पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, म्हणजे बिजागरी मागे आणि हँडल पुढे, सिनेमात बाई गाडीतून उतरताना दरवाजा असा उघडला की गाडी ओळखायला बाकी काही बघावं लागत नाही. नंतर फियाटची डिकी लांबली आणि तिलाही मागे पंख फुटले, ते इकडे १९५८ च्या सुमाराला. फोटोतल्या अर्ध्या फियाटला तो पंख स्वच्छ दिसतोय, म्हणून फोटो १९५५ चा असूच शकत नाही.

जुना सिनेमा बघताना मी कायम हेच करतो, चौकटीतली सगळ्यात नवी गाडी शोधायची. जुन्या गाडीवरून काही ठरत नाही, आपल्याकडे गाड्या वीस-वीस वर्षं चालवल्या जायच्या. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होता, तो १९५४ ला बंद झाला, पण तिथून निघालेल्या शेवरोले साठच्या दशकातल्या सिनेमात सुद्धा बंगल्यासमोर उभ्या असतात. उलट फियाट डिलाइट दिसली तर शॉट १९६४ च्या आधीचा नाही, बारीक चौकड्यांच्या जाळीची अँबेसिडर, म्हणजे मार्क टू, दिसली तर १९६२-६३ च्या आधीचा नाही. आणि नंबरप्लेट वाचता आली तर सोन्याहून पिवळं, एमआर ने सुरू होणारा नंबर असेल तर शॉट १९६० नंतरचा, त्याआधी महाराष्ट्र राज्यच नव्हतं, तेव्हाच्या मुंबई राज्याच्या प्लेटा बी ने सुरू व्हायच्या.

माझी खरी तक्रार इथे आहे. तुम्ही फोटो खालून कापलाय. गाडी बंपरच्या वरच छाटली गेलीय, नंबरप्लेट गायब, चाकं अर्धी. टीव्हीवर पण हेच चाललंय, जुन्या सिनेमाची चौकट चारास तीन अशी, आत्ताचा टीव्ही सोळास नऊ, तर पडदा भरायला म्हणून वरचा-खालचा मिळून पाव भाग सरळ उडवतात. माणसांचे चेहरे मधोमध असतात म्हणून कुणाला कळत नाही. पण गाडीची ओळख असते खालीच, प्लेट, बंपर, हबकॅप, टेललाइट. १९६० च्या शेवरोले इम्पालाला मागे एका बाजूला तीन असे सहा गोल दिवे आणि एकोणसाठच्या इम्पालाला थेंबाच्या आकाराचे दोन, एवढ्यावर दोन वर्षांतला फरक कळतो, ते दिवेच कापून टाकले तर काय बघायचं?

यात एवढं काय असं कुणाला वाटेल म्हणून सांगतो. आमच्या किनाऱ्यावर जुनी गाडी शिल्लक राहत नाही. खारी हवा पत्रा खाते, आधी दरवाजांच्या खालची पट्टी जाते मग फ्लोअर, चार पावसाळे दुर्लक्ष झालं की बॉडीला बोट लावलं तरी पापुद्रे निघतात. पावसाच्या आधी खालून जळकं ऑइल मारायचे, त्याने फार तर दोन-चार वर्षं वाढतात. घाटावर कुणाच्या वाड्यात कोरडी राहिलेली एखादी गाडी मिळेल, मालवणात नाही मिळायची. इथल्या गाड्या उरल्या त्या फक्त फोटोत आणि सिनेमाच्या मागच्या कोपऱ्यात, आणि तो कोपराच आपण कापतोय.

आणि ही लँडमास्टर मला परकी नाही बहुतेक. माझे वडील इथल्या एका शेटच्या टॅक्सीवर ड्रायव्हर होते, साठच्या दशकात, भाऊच्या धक्क्यावरून येणाऱ्या बोटीचे पॅसेंजर बंदरावरून घ्यायचे आणि कट्टा, कसालवरून कणकवलीपर्यंत सोडायचे. ती गाडी लँडमास्टर होती. लहानपणी मी सगळ्यांना अँबेसिडर म्हणून सांगायचो तर बाबा दरवेळी थांबवायचे, 'अँबेसिडर न्हय रे ती, लँडमास्टर, मागसून बघ.' मागून बघायची सवय तेव्हाची. एकदा शूटिंगवाल्यांनी ती गाडी आठ दिवस भाड्याने घेतली होती, बाबा रोज रात्री उशिरा यायचे आणि आई जेवायची थांबायची एवढं मला आठवतंय. कुठला सिनेमा ते बाबांनाही नीट माहीत नव्हतं. पुढे गाडी भंगारात गेली, आमच्याकडे तिचा एकही फोटो नाही.

तुमच्या फोटोत डाव्या मागच्या मडगार्डवर दिव्याच्या वर एक काळसर डाग दिसतो. बंदरावर गाडी वळवताना मागे दगडी कठड्याला लागून तिथेच पोचा आला होता, बाबांनी आतून लाकडी ठोकळा धरून तो काढला होता तरी बशीएवढा खळगा राहिला होता. मी त्यात तळहात ठेवून उभा राहायचो, उन्हात पत्रा तापलेला असायचा. आता फोटोतला डाग म्हणजे तो खळगा की माडाच्या झावळीची सावली, हे छापलेल्या ठिपक्यांतून कळत नाही, मी दोन दिवस बघतोय.

तर विनंती अशी की दुरुस्ती छापा, गाडीचं नाव आणि सालाची, आणि इथून पुढे जुने फोटो कडेपर्यंत पूर्ण छापा, एखादी जाहिरात कमी बसली तरी चालेल. ज्यांच्या घरी शूटिंगच्या वेळचे फोटो आहेत त्यांनीही स्कॅन करताना कडा कापू नयेत, पाठीमागे काही लिहिलं असेल तर ते पण स्कॅन करावं.

आणि या फोटोची मूळ प्रत तुमच्याकडे असेलच. ती पूर्ण, न कापता, मला पाठवाल का? पत्ता पाकिटावर आहे. बाबांच्या गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे मला पाठ आहेत.

आपला,
एक नियमित वाचक, मालवण