बँजो म्हणजे वरातीतला बेंजो नव्हे

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीतला ‘न्यू ग्रास रिव्हायव्हल’ या अमेरिकी बँडवरचा लेख दोनदा वाचला. ब्लूग्रास, म्हणजे बँजो, फिडल, मेंडोलिनवर चालणारं तिकडचं लोकसंगीत, हा त्यांचा प्रकार. पहिल्यांदा आनंदाने, कारण या बँडवर मराठीत कोणी लिहील असं कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. बँजोवादक बेला फ्लेक यांचं कौतुक केलंत, ते रास्तच आहे. २०२४ मध्ये झाकीर हुसेन, राकेश चौरसिया आणि एडगर मायर यांच्याबरोबर त्यांना ग्रॅमी मिळालं, तेव्हापासून आपल्याकडेही त्यांचं नाव झालं. पण म्हणून हा बँड ‘फ्लेक यांनी उभा केला’? आणि त्यांचं वाद्य म्हणजे ‘आपल्याकडे वरातीत वाजतो तोच बेंजो’?

वरातीतला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचा, मूळचा जपानी. तो वाजवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, आमच्या गल्लीत दोघांनी त्यावर संसार केले. अमेरिकेतला बँजो हे साफ वेगळं वाद्य आहे. एका शब्दाच्या साधर्म्यावर अख्खा परिच्छेद लिहिला गेला आणि कोणी तो तपासला नाही, याचा मला राग आला आहे.

मी मिरजेचा, सतारी बनवणाऱ्या घरातला. १९७८ साली केंटकीत शिकायला होतो आणि शनिवारी एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात पडेल ते काम करायचो. एक दिवस मालकाने बँजो उघडून माझ्यासमोर ठेवला. लाकडी कड्यावर ताणलेला पडदा, भोवती वीस-बावीस आकडे, एकेक पाना फिरवत सगळीकडून सारखा ताण द्यायचा. तबल्याचे गठ्ठे ठोकताना पाहिलेला माणूस ते काम लगेच ओळखतो. मग माझी नजर पाचव्या तारेवर गेली. ती बाकीच्या चार तारांपेक्षा आखूड, आणि तिची खुंटी वर डोक्याकडे नाही, दांडीच्या मध्येच बाजूला बसवलेली. मी मालकाला म्हटलं, ही तर आमची चिकारी! सतारीलाही चिकारीच्या खुंट्या अशाच दांडीच्या बाजूला असतात आणि ती तार तशीच वरच्या सुरात मधूनमधून वाजत राहते. मी त्याला कागदावर सतार काढून दाखवली. त्याने मला सांगितलं, की हे वाद्य पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचं आहे आणि पूर्वी ते भोपळ्यावर कातडं ताणून करायचे. पंढरपूरकडून येणारे भोपळे घरात सुकत टांगलेले पाहत मी मोठा झालो. त्या दुकानात मला घरची आठवण आली, हे आज सत्तरी ओलांडल्यावरही सांगतो.

त्याच मालकाने मला न्यू ग्रास रिव्हायव्हलच्या कार्यक्रमाला नेलं. लहान गाव, लोखंडी घडीच्या खुर्च्या. सॅम बुश मेंडोलिनवर, जॉन कॉवन इलेक्ट्रिक बासवर, कर्टिस बर्च आणि बँजोवर कोर्टनी जॉन्सन. ड्रम नव्हता. बुश मेंडोलिनच्या तारा दाबून ‘चक्’ असा आघात दोन ठोक्यांच्या मधल्या जागेवर मारत होते आणि त्यावर सगळा ठेका उभा होता. जॉन्सनच्या बोटांतल्या नख्या मला पहिल्या रांगेतून दिसत होत्या. एकेक गाणं दहा-दहा मिनिटं चाललं. मधे प्रत्येकजण आपली बढत करत होता. शेजारचे एक म्हातारे शेतकरी तिसऱ्या गाण्याला उठून गेले. लांब केस आणि विजेचा बास त्यांना सहन झाला नाही. ब्लूग्रासचे जनक बिल मन्रो यांच्या मुलखात हे बँडवाल्यांना गावोगाव सोसावं लागत होतं.

आता लेखातून गळलेलं सांगतो. बँड १९७१ मध्ये केंटकीतल्या लुईव्हिलला निघाला. ‘ब्लूग्रास अलायन्स’ या आधीच्या बँडमधल्या चौघांचं फिडलवाल्याशी बिनसलं, नाव त्याच्याकडे राहिलं, म्हणून यांनी नवं घेतलं. तेव्हा फ्लेक न्यूयॉर्कमध्ये तेरा वर्षांचे होते. पुढची दहा वर्षं रस्त्यावर गेली, शेवटची दोन रॉक गायक लिऑन रसेल यांच्या दौऱ्यात. १९८१ मध्ये जॉन्सन आणि बर्च फिरून फिरून दमले आणि बाहेर पडले. त्यानंतर फ्लेक आणि पॅट फ्लिन आले. मोठ्या कंपनीचा करार त्याच्याही नंतरचा. इतकं होऊन त्यांचं एक गाणं १९८९ मध्ये कंट्री गाण्यांच्या यादीत ३७ व्या क्रमांकापर्यंत चढलं. तेच गाणं १९९४ मध्ये गार्थ ब्रूक्स यांच्या आवाजात दुसऱ्या क्रमांकावर गेलं, साथीला हीच मंडळी! तोवर बँड मोडला होता. ३१ डिसेंबर १९८९ ला ओकलंडमध्ये ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडच्या आधी त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. २०२० मध्ये ब्लूग्रासच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना घेतलं. कोर्टनी जॉन्सन १९९६ मध्येच वारले होते. तुमच्या अर्ध्या पानात त्यांचं नाव एकदाही नाही. ज्या माणसाने दहा वर्षं तो बँजो गावोगाव नेला, त्याला एक ओळही नाही, हे मला फार लागलं.

आणि विषय निघालाच आहे म्हणून: मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मोठमोठे कलावंत रात्र रात्र गातात-वाजवतात. गेल्या वेळी आपल्या अंकात त्याला चार ओळी मिळाल्या, त्यातही सतारवादकाला सरोदवादक केलं होतं. तेव्हाही मी पत्र लिहिलं होतं. ते छापलं नाही, दुरुस्तीही आली नाही.

या वेळी दुरुस्ती छापावी, ही विनंती. वाद्याचं चित्र हवं असेल तर दुकानात उघडून ठेवलेल्या त्या बँजोचा १९७८ चा फोटो माझ्याकडे आहे. एकच प्रत आहे, त्यामुळे परत मिळेल असं कळवलंत तर लगेच पाठवतो.

आपला,
एक जुना वाचक, मिरज