एक चावी हरवली आहे

फोंडा,
रविवार, रात्र

प्रिय दिग्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर तशीच.

परवा फोंड्याच्या बसस्टँडवर भर पावसात माझ्या चाव्या सांडल्या. माझ्याच कर्माने. खिशातला खुळखुळा बंद करायचा म्हणून चाकूसारखी घडी होणारी पट्टी करतोय, हे तुला सांगितलं होतं. (‘आधी छत्री नीट मिटायला शीक,’ म्हणालास.) ॲल्युमिनियमच्या दोन मिलिमीटर जाड दोन पट्ट्या, दोन्ही टोकांना चार मिलिमीटरचा पितळी स्क्रू, मध्ये चाव्या. दोन्ही टोकांची जाडी सारखी हवी, नाहीतर एक बाजू फुगते. कमी पडेल तिथे वॉशर. स्कूटरची चावी प्लॅस्टिकच्या ढेरीमुळे आत मावेना, ती बाहेर कडीला लटकवली.

खरी गोम स्क्रूत आहे. घट्ट आवळला तर चावी नखाने निघत नाही. सैल ठेवला तर चावी उघडता-मिटताना स्क्रूलाही थोडं थोडं फिरवत नेते, आणि एक दिवस तो सुटतो. त्यात आपली हवा आणि माझा घाम: पितळ जिथे ॲल्युमिनियमला टेकतं तिथे पांढरी भुकटी धरली. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी, की ॲल्युमिनियम खाल्लं जाणारच. हे आपल्याला फर्मागुढीला कॉलेजात शिकवलं होतं. तू मागच्या बाकावर झोपला होतास, मी जागा असून विसरलो.

तर चाव्या सांडल्या. पाच मिळाल्या. सहावीसाठी मी अर्धा तास गटारात हात घालून बसलो होतो. रिक्षावाले बघत होते. घरी आल्यावर ही म्हणाली, ‘कुठली चावी?’ मी म्हटलं, गोदामाची.

ती आपल्या खोलीची होती रे. घर पाडून तिथे इमारत उठली, कुलूपही भंगारात गेलं असेल. पट्टीची जाडी कमी करायला मी एकेक चावी काढून बघत होतो, तेव्हा पहिली तीच जायला हवी होती. पण दर वेळी तिला धरून माप काढलं.

आता नायलॉक नट घालतोय (आत नायलॉनचं कडं असतं, आपोआप सुटत नाही), मध्ये बाक दिलेला स्प्रिंग वॉशर आणि पट्ट्या स्टेनलेसच्या. वजन वाढेल, वाढू दे.

तुझ्या बदलीचं काय? पोरीची बारावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार.

आणि हे बघ. खोली सोडताना तुझी चावी मालकिणीला परत दिलीस असं तू म्हणालास, मी म्हटलं नाही दिलीस, आणि आपण बेतीच्या फेरीबोटीत तारस्वरात भांडलो होतो. त्या दिवशी मी खोटा ठरलो. आता एकदा तुझं कपाट शोध. सापडली तर पाठव. नाहीच पाठवायची तर निदान डोक्याची जाडी आणि भोकाचं माप कळव. तेवढी जागा मी ठेवली आहे.

तुझा,
निल्या