आयसीयूतल्या माणसांची धोका पातळी किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात आपल्या सांगलीकरांचे डोळे आयर्विन पुलाकडं असतात, कृष्णेचं पाणी ४० फुटाला इशारा, ४५ फुटाला धोका, शाळेतल्या पोरांना पण पाठ असतंय. पण आयसीयूत राबणाऱ्या माणसांची पातळी कोण मोजतंय का? माझी बायको मिरजेत एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ सिस्टर होती. होती म्हणतोय कारण कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर तिनं आयसीयू सोडलं ते सोडलंच, आता ओपीडीत बसते, पगार कमी.

२२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या आणि लगेच इस्लामपुरात पेशंट सापडले. तेव्हा भीती होती पण अंगात जोर पण होता. माणसं मोडली ती एप्रिल-मे २०२१ ला. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला एक सिस्टर असा नियम, तिथं एकीकडं तीन-चार बेड. पीपीई किट चढवलं की ड्युटी संपेपर्यंत पाणी नाही, बाथरूम नाही, म्हणून ह्या बायका घरातनं निघतानाच पाणी पीत नव्हत्या. व्हेंटिलेटरवरचा माणूस पालथा करायला चार-पाच जण लागतात, एकानं नुसतं डोकं आणि नळी धरायची, ते होतंय तवर शेजारचा मॉनिटर ओरडणार. नातेवाईकांना आत बंदी, त्यामुळं व्हिडिओ कॉल लावून शेवटचं तोंड दाखवायचं काम पण सिस्टरचंच. एकदा मला म्हणाली, "अहो, पेशंट गेला तर रडू येत नाही आता, आधी डोक्यात येतं की बेड मोकळा झाला." मला तिची तेव्हा खरंच भीती वाटली.

डब्ल्यूएचओ ह्याला बर्नआउट म्हणतं आणि आजार न म्हणता कामातनं आलेली अवस्था म्हणतं. पार दमून जाणं, कामावरनं मन उडणं, आपल्याच्यानं काही होत नाही असं वाटणं, ह्या तिन्ही गोष्टी आमच्या घरात होत्या. उपाय काय केला तर झूमवर मेडिटेशन, ते पण नाइट करून आलेल्यांना सकाळी अकराला. झोपू द्या की त्यांना! दोष ड्युटी चार्टचा आणि श्वास मोजायला लावणार सिस्टरला.

सरकारचा ५० लाखाचा विमा होता, चांगलंच होतं, पण तो कोविडनं मेल्यावर. जी जगली पण कामातनं उठली तिला काय? कंत्राटी पोरींना तर लाट ओसरली की घरी पाठवलं, आयसीयू शिकलेली ती माणसं कुठं गेली ह्याची साधी यादी तरी ठेवली असेल का. जुलैत वर पूर आला तो वेगळाच.

पुढच्या साथीला सलग नाइटनंतर सक्तीची सुट्टी आणि सिस्टर नसेल तर बेड चालू करायचा नाही, एवढं तरी आधी लिहून ठेवा. आणि संपादक साहेब, राग मानू नका, नवीन आयसीयूच्या उद्घाटनाचा फोटो छापता तेव्हा ह्या बेडना सिस्टर किती, एवढं तुमच्या बातमीदाराला विचारायला सांगा.

– एक वाचक, मिरज