थॉरची आख्यानं वेगळी, थॉरची पूजा वेगळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ओडिन, थॉर वगैरे उत्तर युरोपातल्या जुन्या देवांवरचा लेख वाचला. लेखकाने कष्ट घेतलेत, नाही असं नाही. पण अर्धा लेख लोकी या खोडकर, कपटी पात्राच्या करामतींत गेला आणि आज या देवांना मानणारी माणसं नेमकं करतात काय, ते शेवटपर्यंत कळलंच नाही. मी कीर्तन करते. उत्तररंगात नारदाची कितीही फजिती रंगवली, तरी त्यावरून कुणाच्या देवघरातली पूजा ठरत नाही. तिकडेही तसंच आहे, म्हणून हे पत्र.

हा धर्म 'हजार वर्षं गुप्तपणे अखंड चालत आला' असं लेखात आहे. तसं झालेलं नाही. आइसलंडने इ. स. १००० च्या सुमारास आल्थिंग या लोकसभेत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. निवाडा दिला तो थॉर्गेर याने. देशाचा कायदा तोंडपाठ म्हणून दाखवणं हे त्याचं काम, आणि तो स्वतः जुन्या देवांना मानणारा! घरात गुपचूप बळी द्यायला आणि घोड्याचं मांस खायला काही वर्षं मुभा राहिली, मग तीही गेली. आज दिसते ती उपासना १९७२ मध्ये नव्याने उभी राहिली. स्वेनब्योर्न बेइन्टेइन्सन हा मेंढ्या पाळणारा शेतकरी आणि कवी, जुन्या चालींवर 'रीमुर' ही दीर्घ काव्यं म्हणणारा. त्याने समविचारी मंडळींना घेऊन संस्था काढली आणि १९७३ मध्ये सरकारने तिला धर्मसंस्था म्हणून मान्यता दिली. पुरोहित म्हणून गावागावांत शोधूनही याहून योग्य माणूस मिळाला नसता, असं आपलं माझं मत.

आता लोकीबद्दल. कथांमध्ये तो पानोपानी भेटतो, पण त्याची पूजा होत असे याचा भरवशाचा पुरावा नाही. त्याच्या नावाचं देवस्थान सापडत नाही. उलट उल्ल नावाचा देव बघा. थॉरचा सावत्र मुलगा, धनुर्धारी, बर्फावर घसरत जाण्यात पटाईत, एवढं सांगून कथा त्याला सोडून देतात. पण स्वीडन-नॉर्वेत उल्लेवी, उल्लेव्होल अशी त्याच्या नावाची ठिकाणं कितीतरी. स्वीडनमध्ये लिल्ला उल्लेवी इथे उत्खननात लोखंडाच्या छोट्या कड्या डझनांनी निघाल्या. एका जुन्या काव्यात 'उल्लच्या कडीवर' शपथ घेतल्याचा एक ओझरता उल्लेख आहे, तो या कड्यांशी जुळवून पाहिला जातो. आजही या पंथातल्या कित्येक समारंभांत लग्नाची किंवा पदाची शपथ कडीवर हात ठेवून घेतात. आणि लोकी? त्याच्या नावाने पेला उंचावायचा की नाही यावर अमेरिकेतल्या मंडळांत भांडणं झाली, काहींनी मनाईही केली.

मुलगा आइसलंडच्या राजधानीत, रेक्याविकला असतो. त्याच्यामुळे जूनमध्ये थिंगवेट्लिर या ठिकाणी त्यांचं 'ब्लोट', म्हणजे पूजेचा समारंभ, बघायला मिळालं. ते सगळ्यांसाठी खुलं असतं. उघड्या माळावर छोटी आग, पुरोहित जुन्या काव्यातल्या ओळी खड्या आवाजात म्हणतो, मग शिंगातलं पेय हातोहात फिरतं. ज्याच्या हाती शिंग येतं तो देवाचं, पूर्वजाचं किंवा त्या भूमीच्या रक्षकांचं नाव घेतो, घोट घेतो, थोडं जमिनीवर ओततो. प्राण्याचा बळी नाही. माझ्या शेजारच्या बाई थॉरचं नाव घेतील असं मला वाटलं होतं. त्यांनी आपल्या आजीचं घेतलं. 'लांडव्हेट्टिर' म्हणतात त्या भूमीच्या रक्षकांना तिथे केवढा मान आहे आणि आपल्या लेखात त्यांचं नावही नाही. संस्थेचे सध्याचे प्रमुख हिल्मार ओर्न हिल्मार्सन संगीतकार आहेत. ओडिनसारखा एक डोळ्याचा माणूस आठ पायांच्या घोड्यावर खरोखर फिरतो असं कुणी मानत नाही, या कथा म्हणजे काव्यातली रूपकं, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे.

लेखाच्या शेवटी 'हे तर आपलेच वैदिक देव, आर्य रक्ताची खूण' असं वाक्य आहे, त्याला मात्र माझी हरकत आहे. इंद्र आणि थॉर यांच्यातलं साम्य अभ्यासकांनी जरूर मांडलंय: दोघं विजेचे धनी, दोघं महासर्पाशी लढणारे. पण रक्ताची भाषा नाझींनी याच देवांच्या आणि तिकडच्या जुन्या रून लिपीच्या आडून केली. आजही काही गट गोऱ्या वंशाची अट घालतात, आणि पंथातल्याच पुष्कळ संस्थांनी त्यांच्याशी संबंध तोडल्याचं जाहीर केलंय. आइसलंडची संस्था तर समलिंगी जोडप्यांचीही लग्नं लावते आणि त्यासाठी परदेशातून शिव्यांची पत्रं खाते. अशा वेळी आपण इथे बसून त्या वंशाची अट घालणाऱ्या टोळीची री कशाला ओढायची?

निदान एक दुरुस्ती छापावी. लेखात स्नोरी स्टुर्लुसनला 'वायकिंग पुरोहित' म्हटलंय. त्याने 'एडा', म्हणजे या देवकथांची आणि काव्यकलेची पोथी, लिहिली ती इ. स. १२२० च्या सुमारास, तेव्हा आइसलंडला ख्रिस्ती होऊन दोनशेवर वर्षं झाली होती. तो ख्रिस्ती सरदार आणि कवी होता, आणि जुन्या काव्याची जाण टिकावी, नव्या कवींना ते समजावं म्हणून त्याने त्या कथा लिहून ठेवल्या.

आपली,
एक कीर्तनकार, मिरज