सूचना : ग्रुपवर येणाऱ्या एपीके फाइलबाबत

सर्व सदस्यांसाठी. अतिवृष्टी अनुदान, पीकविमा यादी, लग्नपत्रिका, आरटीओ चलन अशा नावाने आलेल्या फाइलच्या शेवटी '.apk' (एपीके) असेल तर तिला हात लावू नका. यादी पीडीएफमध्ये येते, पत्रिका फोटोत. एपीके म्हणजे थेट अ‍ॅप. ते एसएमएसची परवानगी मागतं, दिली की बँकेचा ओटीपी परस्पर वाचतं. पाहुण्यारावळ्यांच्या नंबरवरून आली तरी भरवसा नको, बहुतेक वेळा त्यांचाच फोन हॅक झालेला असतो.

बसवलीच असेल तर आधी डेटा, वायफाय बंद करा, सिम काढा. दुसऱ्या फोनवरून १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) आणि बँकेला कळवा. यात तासाभराचाही उशीर नको. मग सेटिंगमधल्या अ‍ॅप्सच्या पूर्ण यादीत ते शोधा, कारण आयकॉन बऱ्याचदा लपवलेला असतो. 'अनइन्स्टॉल' बटण पुसट दिसलं तर त्या अ‍ॅपने फोनच्या 'डिव्हाइस अ‍ॅडमिन'चा हक्क घेतलाय, म्हणून ते काढता येत नाही. सेटिंगच्या शोधपट्टीत 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' टाकून तो बंद करा, मग निघतं.

सिम परत घातल्यावर ##००२# डायल करा, कॉल फॉरवर्डिंग (तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणं) रद्द होईल. व्हॉट्सअ‍ॅपचे 'लिंक्ड डिव्हाइसेस'ही (तुमचं व्हॉट्सअ‍ॅप आणखी कुठे जोडलंय ते) तपासा.

अशी फाइल ग्रुपवर दिसली की अ‍ॅडमिनला सांगा, पुढे पाठवू नका.