‘बेअर’चा भार मुलांना मुळापासून उचलू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या मुलांच्या हातात असणारी इंग्रजीची गाइडे मी निवृत्तीनंतरही आवर्जून चाळते. ‘बेअर’ या क्रियापदापुढे त्यांत बहुधा ‘सहन करणे’ एवढाच अर्थ छापलेला असतो. मूल तो पाठ करते. मग धड्यात झाड फळे ‘बेअर’ करते, आई मूल ‘बेअर’ करते, साक्षीदार ‘विटनेस बेअर’ करतो आणि वाटसरू चौकातून उजवीकडे ‘बेअर’ करतो. पाठ केलेला अर्थ यातल्या एकाही ठिकाणी बसत नाही. मुलाची समजूत होते की ही भाषाच लहरी आहे आणि घोकंपट्टीशिवाय तिच्यात तरणोपाय नाही. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात मराठी शाळेत इंग्रजी शिकवताना ही समजूत मी वर्गावर्गात पाहिली आहे आणि ती पुसता येते हेही पाहिले आहे. त्यासाठीच हे पत्र.

‘बेअर’चा मूळ अर्थ एकच आहे: वाहणे, उचलून धरणे. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘बेरान’ असे होते. बाकीचे सगळे अर्थ या एका अर्थाला फुटलेले धुमारे आहेत. झाड फळांचे ओझे अंगावर धरते, आई नऊ महिने गर्भ वाहते. जन्मलेल्याला ‘बोर्न’ म्हणतात ते याच क्रियापदाचे रूप, आणि ‘बर्थ’ व ‘बर्डन’ हे शब्दही याच घरातले. सहन करणे म्हणजे मनावरचे ओझे उचलणे. आपण ‘एवढे दुःख मला पेलवत नाही’ म्हणतो तेव्हा मराठीतही हेच घडते, कारण पेलायचे असते ते वजन. हे एकदा सांगितले की मुले उरलेले अर्थ स्वतः शोधू लागतात.

उदाहरणांसाठी गाइडही लागत नाही. गॅरेजमधला मेकॅनिक ‘बेअरिंग गेले’ म्हणतो. ते बेअरिंग फिरत्या आसाचा भार पेलत असते. घर बांधताना इंजिनिअर ‘लोड-बेअरिंग’ भिंतीला हात लावू देत नाही. बँकेत ‘बेअरर’ चेक असतो, तो जो घेऊन येईल त्याला पैसे मिळतात. शंभराच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ज्याला पैसे देण्याचे वचन देतात, त्याला इंग्रजीत ‘बेअरर’ आणि हिंदीत ‘धारक’ म्हटले आहे. वर्गात नोट हातोहात फिरवावी, तो शब्द मुलांनी शोधावा. त्या दिवशी शिकलेला शब्द मुले विसरत नाहीत.

पण याहून मोठी गोष्ट आपण मुलांना सांगतच नाही. हे क्रियापद त्यांच्या घरात आधीपासून आहे. संस्कृतातला ‘भृ’ धातू म्हणजे वाहणे, पोसणे. त्यातून भार, भर्ता, भार्या, भृत्य हे शब्द आले. मराठीतले भरणे, भारा, भारी आणि कोकणीतले भरप हेही त्याच कुळातले. ‘भरणे’चा अर्थ आज आपण रिकामे ते पूर्ण करणे असा घेतो, पण ‘विहिरीवरून पाणी भरते’ म्हणणारी बाई पाणी वाहूनच आणत असते. संस्कृतात ‘भरामि’, ग्रीकमध्ये ‘फेरो’, लॅटिनमध्येही ‘फेरो’, आणि इंग्रजीत ‘बेअर’. ही चारही एकाच प्राचीन क्रियापदाची लेकरे आहेत. लॅटिन ‘फेरो’ने इंग्रजीला ट्रान्सफर, रेफर, कॉन्फरन्स, इतकेच काय फर्टिलायझरही दिला. इंग्रजी ‘सफर’ आणि पोर्तुगीज ‘सोफ्रेर’ म्हणजे सोसणे, शब्दशः ओझ्याखाली राहून ते वाहणे. ग्रीक ‘फेरो’ विज्ञानाच्या पुस्तकात ‘फॉस्फरस’ म्हणजे प्रकाश वाहणारा या रूपात भेटतो, आणि आपल्या शेजारच्या क्रिस्तोव्हांव किंवा ख्रिस्तोफरच्या नावात ख्रिस्ताला वाहून नेणारा म्हणून. फारसीतला ‘बार’ म्हणजे ओझे हाही शब्द याच मुळाचा. काजूच्या हंगामात आपण ज्याला ‘बारदान’ म्हणतो, त्या गोणपाटाच्या नावात तो ‘बार’ आहे.

इथे एक सावधगिरी हवी. सारखे ऐकू आले म्हणजे नाते सिद्ध होत नाही. अस्वलाला ‘बेअर’ म्हणतात, पण त्या शब्दाचा वाहण्याशी संबंध नाही. त्याचा उगम बहुधा तपकिरी रंगात आहे. रायबंदरहून चोडणला जाणारी आपली फेरीबोट माणसे आणि वाहने वाहून नेते, म्हणून ‘फेरी’ला लॅटिन ‘फेरो’शी जोडण्याचा मोह होतो. तेही चूक. इंग्रजी ‘फेरी’ हा प्रवासाचे भाडे सांगणाऱ्या ‘फेअर’चा भाऊबंद आहे, आणि त्याचे आपल्याकडचे नातलग शोधायचे तर ते ‘पार’ या शब्दात सापडतात. तिथे मूळच्या ‘प’चा इंग्रजीत ‘फ’ झाला आहे. असे बदल नियमाने होतात. संस्कृतातल्या ‘भ’च्या जागी इंग्रजीत ‘ब’ आणि लॅटिनमध्ये शब्दारंभी ‘फ’ येतो. भ्रातृ, ब्रदर, फ्रातेर ही त्रयी पाहिली की नियम पटतो. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये, इंग्रजी ज्यात येते त्या जर्मन कुळातल्या भाषांसाठी हे नियम सविस्तर मांडले. म्हणून मोबाइलवर फिरणारे ‘इंग्रजी संस्कृतातून निघाली’ हे संदेश शिक्षकांनी वर्गात आणू नयेत. संस्कृत ही इंग्रजीची आई नव्हे. दोघी एकाच आजीच्या नाती आहेत, आणि मुलांना खरे तेच सांगितले पाहिजे.

हे नाते प्रथम कुणाच्या लक्षात आले, याचा मान कलकत्त्यातले न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांना दिला जातो. त्यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनच्या समान उगमाबद्दल भाषण केले. त्याच्या दोनशे वर्षे आधी, १५८३ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातून आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे नोंदवले होते. हे तेच स्टीफन्स, जन्माने इंग्रज, ज्यांचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सासेत्ती याने १५८५ मध्ये देव आणि ‘दिओ’, सर्प आणि ‘सेर्पे’, सप्त आणि ‘सेत्ते’ अशा जोड्या टिपल्या. त्याचा मृत्यूही १५८८ मध्ये गोव्यातच झाला. ज्या भूमीत हे दोघे वावरले, तिथल्या मुलाने ‘बेअर म्हणजे सहन करणे’ घोकत बसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गोव्यात माध्यमाचा वाद निघाला की मराठी किंवा कोकणीतून शिकलेले मूल इंग्रजीत मागे पडते असे ठामपणे सांगितले जाते. माझा अनुभव वेगळा आहे. ज्या मुलाला भार आणि भारा हे शब्द घरात मिळाले आहेत, त्याला ‘बेअर’ समजायला अर्धा तास पुरतो. अडते ते शिकवण्याच्या पद्धतीपाशी. शिक्षक प्रशिक्षणात इंग्रजी व्याकरणाला भरपूर वेळ दिला जातो. त्यातला थोडा वेळ शब्दांच्या कुळाला द्यावा, एवढीच शिक्षण खात्याला विनंती आहे. शाळांच्या ग्रंथालयांत व्युत्पत्ती देणारा एक तरी चांगला इंग्रजी कोश मुलांच्या हाताला लागेल असा ठेवावा, कुलूपबंद कपाटात नव्हे.

आपल्या वृत्तपत्राच्या विद्यार्थी पुरवणीत दर आठवड्याला एक इंग्रजी क्रियापद या रीतीने मांडता येईल. ‘स्टँड’ आणि स्था, ‘नो’ आणि ज्ञा, ‘सिट’ आणि सद्, ‘इट’ आणि अद् इथून सुरुवात करता येईल. जागा मिळणार असेल तर पहिले काही मजकूर मी लिहून पाठवते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा